माळेतलं वांगं

श्रीनगरच्या जुन्या वस्तीत, जैना कदलच्या आसपास, सप्टेंबर सरताना फिरलं की खिडक्यांत वांगी लोंबताना दिसतात. लांबट, सडपातळ काश्मिरी वांगी. टोकापासून वर उभी चिरलेली, चार फाकांची, पण देठाशी एकसंध. भरल्या वांग्याला आपण देतो तीच चीर. दोन फाका दोरीच्या अलीकडे, दोन पलीकडे टाकल्या की देठच खुंटीचं काम करतो. सुई नको, गाठ नको. आतल्या पांढऱ्या गराला चहूबाजूंनी वारा लागतो. एका चिरेत इतकं साधणारा हात किती पिढ्यांनी घडवला असेल, असं वाटून मी तिथे बराच वेळ उभा राहिलो.

याला तिकडे ‘होख स्युन’ म्हणतात. होख म्हणजे सुकं, स्युन म्हणजे भाजी. वाळवलेला तुकडा म्हणजे हचि. वांगन हचि वांग्याची, अल हचि दुधीची, गोगजी हचि सलगमाची, रुवांगन हचि टोमॅटोची. ‘वांगन’ ऐकताच मराठी कान टवकारतो, आणि ते बरोबरच आहे. संस्कृतातल्या वातिंगणापासून आपलं वांगं आलं, त्याचंच हे उत्तरेकडचं भावंड.

चिरण्याची रीत भाजीगणिक बदलते. दुधी सोलून लांब पट्ट्या काढतात. सलगमाच्या चकत्या दोऱ्यात ओवून माळा करतात. टोमॅटो दुभागून उताणे पसरतात. पालेभाजी आणि पुदिना मात्र सावलीत, नाहीतर रंग आणि वास दोन्ही उडतात. हे सगळं ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत चालतं. त्यातल्या सुरुवातीच्या दिवसांत कोकणात कपडेसुद्धा वाळत नाहीत. पण पीर पंजालच्या रांगा मोसमी पाऊस बराचसा अडवतात, म्हणून खोऱ्यात तेव्हा कोरडी हवा आणि खणखणीत ऊन असतं. भाज्यांचा बहरही तेव्हाच. पुढे २१ डिसेंबरला ‘चिल्लई कलान’ लागतो, चाळीस दिवसांची कडक थंडी. नळ गोठतात, दल सरोवराच्या कडेला बर्फाचा पापुद्रा धरतो. जम्मूहून येणारा रस्ता बनिहाल-रामबनच्या टापूत बर्फाने नाहीतर दरडींनी बंद पडला की खोऱ्याचा भाजीपाला तुटतो. पूर्वी तर घरात वाळवलेलं असेल तेच खायचं.

आपली बेगमी पावसाळ्यासाठी नाहीतर उन्हाळ्यासाठी, त्यांची हिवाळ्यासाठी. आगोटीच्या आधी कोकणात फणसाचे गरे मिठाच्या पाण्यात जातात. विदर्भात थंडीतली स्वस्त वांगी चिरून वाळवतात आणि उन्हाळ्यात त्या खुलांची भाजी होते. अडचणीचा ऋतू वेगळा, एवढंच. म्हणून त्या खिडकीखाली मला परकं वाटलं नाही.

पण ही नुसती साठवण नाही, हे मला जेवताना कळलं. दुधीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. ताज्या दुधीची चव हलकी, शिजला की लगेच मऊ पडणारा. तोच दुधी उन्हात आक्रसतो, पिवळसर-तपकिरी होतो, आणि त्याच्या आतला एरवी पाण्यात हरवलेला गोडवा वर येतो. गरम पाण्यात भिजवून, पिळून, मोहरीच्या कडकडीत तेलात परतून तो मटणाबरोबर शिजवतात. बडीशेपेची पूड, सुंठ, काश्मिरी मिरची. पंडितांच्या घरी हिंग, मुसलमानांच्या घरी लसूण. दुधीची पट्टी रस्सा पिऊन फुगते, तरी विरघळत नाही. दाताखाली चिवट, मग हळूहळू सैल. पहिल्या घासाला मटणाची चव लागते, दुधीची मागून येते आणि जास्त वेळ राहते.

वांग्याचं त्याहून वरचं. साल काळीजांभळी, गर गडद, चव किंचित कडसर, थोडी धुरकट वाटावी अशी. ताज्या वांग्यात ती शोधूनही सापडत नाही. गरम भातावर हा काळसर रस्सा घ्यावा आणि सावकाश जेवावं. टोमॅटोची हचि मला त्या मानाने एकसुरी वाटली. आंबटपणा देते, बाकी काही नाही. सलगम मधे कुठेतरी.

आता हिवाळ्यातही मैदानातून ताजी भाजी येते, २०२५ मध्ये कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वेही सुरू झाली. गरज कमी झाली, तरी माळा उतरल्या नाहीत. आणि १९९० मध्ये खोरं सोडावं लागलेल्या पंडितांची घरं बघा. जम्मू-दिल्लीत बर्फ नाही, बाजारात बारमाही भाजी आहे, तरीही गच्चीवर दुधीच्या पट्ट्या वाळत पडतात. टंचाईचं अन्न असतं तर टंचाई संपल्यावर ते गेलं असतं. ते राहिलं, कारण उन्हाने त्या भाजीची दुसरीच भाजी केली आहे. माझ्या लेखी ती ताज्या भाजीच्या तोडीचीच, आणि वांग्याच्या बाबतीत तर काकणभर सरस.

पर्यटकांच्या हॉटेलात ही भाजी सहसा मिळत नाही, ती घरचीच. म्हणून हिवाळ्यात श्रीनगरला गेलात तर केशर-अक्रोडाच्या बरोबरीने जुन्या बाजारातून वांग्याची एक माळ घ्या. रस्त्याकडेला धूळ खात पडलेली घेऊ नका, बुरशीचा वास येत नाही ना तेही बघा. ज्यांच्या घरी मी जेवलो, त्या आजींनी परीक्षा दाखवली होती. एक फाक घेऊन वाकवायची. ती लवली तर ओल राहिली आहे, ठेवून द्यायची. कट्‌ आवाज करून मोडली तर घ्यायची. घरी आल्यावर कोरड्या डब्यात ठेवा आणि पहिला पाऊस पडायच्या आत संपवा.