किलोतळेचे बाळपण

परक्या मुलखात शिरणाऱ्याचे डोळे घरीच घडलेले असतात. अद्भुत कथेचा रस यातच आहे. 'प्रभात'चा 'माया मच्छिंद्र' (१९३२) या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

शांतारामबापूंच्या या बोलपटात स्त्रीराज्याची राणी किलोतळा दुर्गाबाई खोटे यांनी उभी केली. जवळ पाळलेला चित्ता, भोवती शस्त्रधारी बायका. पुरुषाची सत्ता जिने कधी सोसलीच नाही, तिला पुरुष हेच विचित्र जग! मच्छिंद्रनाथासारख्या (गोविंदराव टेंबे) जोग्यापुढे ती मान का लववील? उलट गोरख (मास्टर विनायक) गुरूच्या शिस्तीत वाढलेला. त्याला तेच राज्य मोहाचे जाळे दिसते. मुलूख एकच, वळणे दोन.

पण शेवटी सारे मायाच ठरते. गोरखाचे संस्कार खरे, राणीचे मात्र भास, असा हा निवाडा. ती कोणाच्या मांडीवर वाढली, काय शिकली, हे कोणी विचारीत नाही. आमच्या माढ्याकडे श्रावणात वाचतात त्या मालूकवीच्या 'नवनाथ भक्तिसारा'त, स्त्रीराज्यात पुरुष का टिकत नाही, याला मारुतीच्या भुभुःकाराचे कारण तरी दिले आहे. बोलपटाने राणीच्या स्वभावाला तेवढेही कारण दिले नाही.

मुली शिकविणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला हे खटकते. नायिकेच्या हाती चित्ता देणे सोपे; तिला बाळपण देणे अवघड. ते दिल्यावाचून तिची नजर ही तिची स्वतःची नजर होत नाही, आणि मग ती पुसून टाकताना कोणाचाच हात अडखळत नाही.