120 टक्क्यांची खात्री

एप्रिल 2010 मध्ये तत्कालीन हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल प्रदीप वसंत नाईक यांनी बातमीदारांना एक छोटंसं उत्तर दिलं होतं. ते उत्तर आज आपण पुन्हा वाचू या, एखादी कविता वाचावी तितक्या सावकाश. बातमी म्हणून ते एका दिवसात शिळं झालं. विचार म्हणून मात्र ते अजून ताजं आहे, आणि त्यातली एकेक पाकळी उलगडताना मिळणारा आनंद त्या वेळी बहुतेक वाचकांच्या वाट्याला आलाच नाही.

प्रसंग भीषण होता. 6 एप्रिलला दंतेवाड्याच्या जंगलात माओवाद्यांनी 76 जवानांचा बळी घेतला; त्यांतले 75 केंद्रीय राखीव पोलीस दलाचे. सारा देश शोकानं आणि संतापानं हलून गेला. मग हवाई दल कशाला आहे, हा प्रश्न तेव्हा घराघरांत विचारला जात होता आणि नोएडातल्या वृत्तवाहिन्यांच्या स्टुडिओंतही. आज तरी हवाई ताकद वापरण्याची मुभा नाही, पण गरज पडली तर फेरविचार करावा लागेल, असं गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी सांगून ठेवलं होतं. त्याच आठवड्यात हा प्रश्न नाईकांसमोर आला.

त्यांच्या उत्तराचा आशय असा: सैन्याला मर्यादित संहाराचं शिक्षण दिलेलं नसतं, आमच्याजवळची शस्त्रं सीमेपलीकडच्या शत्रूसाठी आहेत, म्हणून नक्षलवादासारख्या प्रश्नात हवाई दल वापरावं या मताचा मी नाही. समोरचा शत्रूच आहे अशी 120 टक्के माहिती हाती असल्याखेरीज देशाच्या सीमेच्या आत हवाई दल वापरणं न्याय्य होणार नाही.

आधी या विचाराची चाल पाहू. मत नंतर येतं, आणि त्याच्या अलीकडे दोन पायऱ्या आहेत. पहिली माणसाची: त्याला काय शिकवलं आहे. दुसरी शस्त्राची: ते कशासाठी घडवलं आहे. माणूस आणि शस्त्र या दोहोंची प्रकृती सांगून झाल्यावरच बोलणारा स्वतःकडे वळतो. सेनापतीनं आपल्या सामर्थ्याचं वर्णन करावं हे आपल्या ओळखीचं आहे; पण आपलं सामर्थ्य एखाद्या कामाला नको तितकं मोठं आहे, हे त्यानं शांतपणे, जराही कमीपणा न मानता सांगावं, यातलं सौंदर्य विरळ आहे. या नकारात दुबळेपणाची छाया नाही. उलट आपल्या शक्तीचं नेमकं माप ठाऊक असलेल्या माणसाचा तो आत्मविश्वास आहे.

आता तो आकडा. 120 टक्के! शंभराच्या पुढे खात्री जात नाही, हे लढाऊ वैमानिकाला कुणी सांगायला नको. तरीही त्याला वरचे वीस हवेसे वाटतात. विमानाचा वेग, वरून दिसणारी जंगलाची एकसंध हिरवी चादर, तिच्याखाली बंदूकधारी कोण आणि मोहफुलं वेचणारी बाई कोण हे न कळण्याची शक्यता, आणि एकदा सुटलेला बॉम्ब परत बोलावता येत नाही हे ज्ञान: मला तरी या साऱ्याचं ओझं त्या वाढीव विसांत जाणवतं. उत्तरात ना जंगलाचं वर्णन आहे, ना तिथल्या आदिवासींचा उल्लेख; तरी ती माणसं त्या आकड्यात उभी आहेत.

आणि मग न्याय्यतेची गोष्ट. हवाई दलप्रमुखाला तांत्रिक अडचणी पुढे करता आल्या असत्या: दाट झाडी, अपुरे नकाशे, हवामान. तशा सबबी पुरेशा होत्या. नाईक तिथे थांबले नाहीत. सीमेच्या आतली माणसं आपली आहेत, या एका जाणिवेपाशी त्यांनी सगळं आणून ठेवलं.

नाईक मूळचे नागपूरचे. नक्षलवादानं पोळलेली गडचिरोली नागपूरकरांना परकी नाही. ऑक्टोबर 2009 मध्ये तिथल्या भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ 17 पोलीस मारले गेले, त्याला दंतेवाड्याच्या वेळी जेमतेम सहा महिने झाले होते. झळ त्यांच्या दलालाही लागलेली होती. नोव्हेंबर 2008 मध्ये छत्तीसगडात निवडणुकीच्या कामावरच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला आणि हवाई दलाचा एक सार्जंट मृत्युमुखी पडला. त्यानंतर हवाई दलानं प्रत्युत्तराची परवानगी मागितली, पण ती स्वसंरक्षणापुरती. ही मागणी आणि एप्रिलमधलं उत्तर शेजारी ठेवून वाचलं की एकाच स्वभावाच्या दोन बाजू दिसतात: आपल्या माणसांचा जीव वाचवण्याचा हक्क सोडायचा नाही, आणि त्या हक्काला हल्ल्याचं रूप येऊ द्यायचं नाही.

या उत्तरामागे इतिहासही आहे. 5 मार्च 1966 रोजी मिझो बंडाच्या वेळी आपल्याच विमानांनी आपल्याच ऐझॉलवर मारा केला होता, आणि मिझोरमच्या स्मृतीतून तो दिवस अजून पुसला गेलेला नाही. कायद्याची परंपराही याच दिशेची. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 130 व्या कलमात जमाव पांगवण्यासाठी सैन्य बोलावण्याची तरतूद होती; बळ कमीत कमी वापरावं आणि इजा कमीत कमी व्हावी, अशी अट तिथेच घातलेली होती. ही अट जमिनीवरच्या शिपायाला पाळता येते. आकाशातून ती पाळायची कशी?

वृत्तपत्रांत मात्र उत्तरातलं मत तेवढं मथळा झालं: हवाई दलप्रमुखांचा नक्षलींविरुद्ध हवाई हल्ल्यांना विरोध. मथळा खोटा नव्हता. त्यानं उत्तराच्या दोन्ही पायऱ्या तेवढ्या काढून घेतल्या. मग गणवेशातल्या माणसानं असं जाहीर बोलावं का, हा प्रश्न उरतो, आणि तो गंभीर आहे. निर्णय लोकनियुक्त सरकारचा. राज्यघटनेच्या 33 व्या अनुच्छेदानुसार सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते, आणि त्यामागची काळजी रास्त आहे. सेनापतींनी सरकारवर उघड दबाव आणण्याची सवय शेजारी देशांना किती महाग पडली ते आपण पाहिलं आहे. पण नाईकांच्या उत्तरात दबाव शोधूनही सापडत नाही. विचारलेल्या प्रश्नाला आपल्या व्यवसायाच्या ज्ञानातून दिलेलं ते उत्तर आहे, आणि ज्यांच्या नावानं बळ वापरलं जाणार त्या नागरिकांना ते ऐकण्याचा हक्क होता. पत्रकारांनी ते छापलं, हे योग्यच केलं. माझी तक्रार एवढीच की मथळ्यात त्यांनी विरोध घेतला. मी त्यांच्या जागी असतो तर ते 120 टक्के घेतले असते.