निळ्या डेल्टिकची कारकीर्द

रेल्वे इंजिनाची पारख करताना मी आधी दोन आकडे विचारतो: वजन किती आणि ताकद किती. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीने १९५५ साली प्रेस्टनच्या कारखान्यात स्वतःच्या खर्चाने बांधलेलं ‘डेल्टिक’ इथेच मन जिंकतं. वजन १०६ टन, ताकद ३३०० अश्वशक्ती. याच कंपनीने १९५८ मध्ये ब्रिटिश रेल्वेला दिलेलं डिझेल इंजिन १३३ टनांचं होतं आणि त्याची ताकद होती २०००.

हे जमलं कसं, ते पोटात आहे. नेपिअर कंपनीने नौदलाच्या बोटींसाठी घडवलेली दोन डिझेल यंत्रं त्यात बसवली होती. अशा प्रत्येक यंत्रात अठरा सिलिंडर, पण पिस्टन छत्तीस. एकाच सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर धावत येतात आणि मधल्या स्फोटाने मागे फेकले जातात. त्यामुळे सिलिंडरला वरचं झाकण नको आणि व्हॉल्व्हही नकोत. सिलिंडरच्या तीन ओळींचा त्रिकोण आणि त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन क्रँकशाफ्ट. तिन्ही एकाच दिशेने फिरवले की पिस्टनच्या वेळा जुळेनात. नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या हर्बर्ट पेनवर्डन या ड्राफ्ट्समनने तोड सुचवली: एक क्रँकशाफ्ट उलटा फिरवा. एवढ्याने गाठ सुटली. एखाद्या बंदिशीतली अवघड जागा एका स्वराने सुटावी, तसं मला हे दर वेळी वाटतं. बोटीत हे यंत्र २५०० अश्वशक्ती देई. रुळांवर त्याला सबुरीने, १६५० वर चालवलं.

रूपही तसंच धीट. बाकीची इंजिनं काळी-हिरवी असताना हे फिकट निळं, नाकाडावर मिशांसारखे पिवळसर पट्टे, आणि कुशीवर मोठ्या अक्षरांत फक्त नाव. नाकाच्या मधोमध हेडलाइटसाठी ऐसपैस खोबण आहे. दिवा त्यात कधीच बसला नाही. ब्रिटनमध्ये त्याची गरज नव्हती. कंपनीची नजर परदेशी गिऱ्हाइकांवर होती, हे ती खोबण आजही सांगते. मला या इंजिनाच्या चेहऱ्यातली हीच खूण सर्वांत आवडते, कारण बांधणाऱ्यांचा आत्मविश्वास तिथे उघडा दिसतो.

आधी लिव्हरपूल-लंडन मार्गावर त्याने गाड्या ओढल्या. १९५६ मध्ये सेटल-कार्लाइलच्या शंभराला एक चढावर, मागे मोजमापाचा डबा जोडून, त्याची परीक्षा झाली. पण रेल्वेच्या तिथल्या विभागाने विजेचा रस्ता धरला आणि पश्चिमेकडे डेल्टिकला भवितव्य उरलं नाही. १९५९ मध्ये ते पूर्वेकडे गेलं, आणि तिथे त्याचं चीज झालं. पूर्व किनाऱ्याच्या मार्गाला वीज लवकर मिळणार नव्हती, वेग मात्र हवा होता. वाहतूक अधिकारी जेरार्ड फाइन्स यांनी या इंजिनाचा पक्ष लावून धरला. शेवटी पंचावन्न वाफेच्या इंजिनांचं काम याच नमुन्यावर बांधलेल्या बावीस डेल्टिकांवर सोपवलं गेलं, आणि त्यांनी ते ताशी १०० मैलांच्या वेगाने निभावलं.

मूळ निळं इंजिन मात्र ही बावीस भावंडं रुजू होऊ लागली त्याच सुमारास, मार्च १९६१ मध्ये, बिघाडामुळे थांबलं. पुन्हा ते कामावर आलं नाही. १९६३ मध्ये कंपनीने ते लंडनच्या विज्ञान संग्रहालयाला देऊन टाकलं. तिथून १९९३ मध्ये ते यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाकडे आलं.

कुणी म्हणेल, जेमतेम सहा वर्षांची कारकीर्द, तिचं एवढं काय? इंजिनाचं मोल त्याने तोडलेल्या मैलांवर ठरवण्याची रीत आहे. इथे ती अपुरी पडते. नमुना म्हणून बांधलेल्या इंजिनाने आपला मुद्दा सिद्ध करावा, एवढंच त्याचं काम, आणि ते त्याने चोख केलं. बावीस भावंडांपैकी सहा जपलेली आहेत. सुरू होताना निळसर धुराचा लोट सोडणाऱ्या या यंत्रांचा घुमारा ऐकायचा असेल तर त्यांच्याकडे जावं. देखणेपणात मात्र पहिल्याची सर त्यांच्यातल्या एकालाही नाही.