पुडीवरील मराठी

अतिसारावरील पुडीस ‘जलसंजीवनी’ हें नांव ज्यानें दिलें, त्याच्या रसिकतेचें आम्हांस कौतुक वाटतें. परंतु माहितीपत्रकांत पुढें ‘निर्जलीकरण’, ‘मूत्राल्पता’ असे शब्द भेटूं लागले कीं आमचा उत्साह मावळतो. मुलाचे डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, हें आईस दिसतें. निर्जलीकरण तिला कोठें दिसावें? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ सालच्या प्रमाणाची २०.५ ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यासाठीं असते. ती सबंध पुडी पेलाभर पाण्यांत कालविल्यास मिठाचा अतिरेक होऊन बाळास अपायच व्हावयाचा. मग नुसतें ‘१ लिटर’ छापून पत्रककर्ते स्वस्थ कां बसतात? शेजारीं बाजारांतल्या लिटरभर पाण्याच्या बाटलीचें चित्र काढण्यास असा कितीसा खर्च येतो?