देखरेख-पटलावरील अनामिक आकडे

लासलगाव बाजार समितीच्या कांद्याच्या भावपत्रकात किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर असतात. प्रत्येक आकड्यास नाव असल्याने वाचणाऱ्याचा घोटाळा होत नाही. लिनक्स संगणकाचे देखरेख-पटल याच कसोटीस लावून पाहावे. २००७ साली आलेल्या ‘टीमक्स’मुळे टर्मिनलच्या अनेक खिडक्या एका आज्ञावलीने आपोआप मांडता येतात, ‘वॉच’ ही आज्ञा एरवी दर २ सेकंदांनी त्यांतील आकडे ताजे करते. परंतु ‘लोड ॲव्हरेज’चे तीन आकडे अनुक्रमे १, ५ व १५ मिनिटांचे आहेत, हे पटल सांगत नाही. शिवाय डिस्कसाठी खोळंबलेली कामेही त्यांत मोजली जात असल्याने प्रोसेसर रिकामा असतानाही भार मोठा दिसू शकतो. मांडणी यंत्राकडे सोपविता येते. आकड्यांना नावे देणे मात्र मांडणाऱ्याचेच कर्तव्य होय.