गोवळकोटच्या धक्क्यावर : निसर्गचित्र आणि निर्हेतुक पाहणं

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर कुणीतरी विचारलं होतं, सौंदर्यशास्त्र शिकवणाऱ्यानं स्वतः कधी चित्र काढून पाहिलंय का? प्रश्न जरा खोडसाळ होता, पण रास्त होता. चित्रांबद्दल आम्ही आयुष्यभर बोललो, ब्रश मात्र हातात धरला नव्हता. तेव्हा गेल्या माघात एका चित्रकार मित्राला बरोबर घेऊन आम्ही इथल्याच गोवळकोटच्या धक्क्यावर जाऊन बसलो. समोर वाशिष्ठी, पलीकडे डोंगर, मांडीवर बोर्ड. चित्र फसलं, हे आधीच सांगून टाकतो. पण कसं फसलं, ते आज बोलण्याजोगं आहे. निसर्गचित्राबद्दल आपण मराठीत जे म्हणत आलो, त्यातलं नदीकाठी काय टिकतं, हे त्यातून थोडंसं कळलं.

पहिल्या अर्ध्या तासात आमच्या कागदावर एक माड उगवला. आम्ही चौकट धरली होती त्या भागात माड नव्हताच. मित्रानं विचारलं, "सर, हा कुठला?" कुठला असणार? कॅलेंडरवरचा. माड, कौलारू घर, काठाला लागलेली होडी, तांबडी पायवाट एवढं आलं की कोकण झालं, असं हातानं परस्पर ठरवून टाकलं होतं. डोंगरही आम्ही हिरवेगार केले. आता माघात इथले डोंगर हिरवे असतात काय? गवत वाळून पिवळं-तपकिरी पडलेलं असतं, मधे जांभ्याचा उघडा कातळ, कुठे वणव्याचा काळा पट्टा. ट्यूबमधला हिरवा मात्र तयारच असतो.

आणि हा दोष नवशिक्याचाच आहे असं आम्हांला वाटत नाही. जलरंगाचा एक वॉश वाळल्याशिवाय दुसरा त्यावर नीट बसत नाही. श्रावणात आपल्याकडे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथे कागद काय वाळणार! कोकण खरोखर हिरवा असतो तेव्हा उघड्यावर बसून जलरंगात काम करणं महाकठीण. आणि दिवाळीनंतर काम सोपं होतं, तेव्हा तो हिरवा उतरत चाललेला असतो. तरी आम्ही पाहिलेल्या प्रदर्शनांतला कोकण बहुतेक बारमाही हिरवा. ही चित्रं वाईट नसतात. हात तयार असतो, पाण्यावरचा ताबा पाहून हेवा वाटतो. पण ती जागेवर जाऊनही जागा न पाहता काढलेली असू शकतात, हे आपल्या समीक्षेनं फारसं बोलून दाखवलेलं नाही. 'प्रत्यक्ष जागेवर केलेलं' एवढं म्हटलं की आपण मान डोलावतो.

जागेवर जाणं तसं फार जुनं नाही. 1841 मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानं रंगाच्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि तैलरंग खिशात घालून हिंडणं सोपं झालं. आपल्याकडे ही सवय मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून रुजली, आता आपल्या तालुक्यातच सावर्ड्याला कलामहाविद्यालय आहे. पण आम्हांला त्या सकाळी आठवत होते आबालाल रहिमान. जे. जे.मध्ये शिकून ते कोल्हापूरला परतले आणि 1931 मध्ये वारले तोवर रंकाळा, कोटितीर्थ, संध्यामठ या घरच्या जागा रंगवत राहिले. त्या जागांना ते 'स्पॉट' म्हणून भेटले नाहीत. तेच पाणी, पण वेगळी वेळ, वेगळा उजेड. आम्ही मात्र दोन तासांत वाशिष्ठी उरकायला निघालो होतो. गोवळकोटला खाडीची भरती-ओहोटी चालते. चिखलाचा जो काठ आम्ही मन लावून काढला, तो रंग वाळेपर्यंत पाण्याखाली गेला होता!

आता मुख्य अडचणीकडे येऊ. चौकटीच्या डाव्या बाजूला एक भिंत होती आणि तिच्यावर पुराच्या पाण्याची रेघ. 22 जुलै 2021 तुम्हांला सांगायला नको. ती रेघ काढायची की नाही?

मर्ढेकरांना विचारलं तर ते म्हणतील, चित्राला रंग आणि रेषा यांचे संबंध पुरेत. संवाद, विरोध, समतोल साधतोय का एवढं बघा. म्हणजे ती एक आडवी मळकट पट्टी, उभ्या भिंतीला छेद देणारी. तिथे 2021चं काय काम? कांटची भूमिकाही याच वाटेची आहे. सौंदर्याचा आस्वाद निर्हेतुक असावा, वस्तू आपल्या नफ्यानुकसानीची आहे की नाही हे त्यात येऊ नये. आणि खवळलेला समुद्र, कोसळता धबधबा यांचं उदात्त रूप आपण सुरक्षित जागी असलो तरच अनुभवता येतं, हेही त्यानंच 1790 मध्ये लिहून ठेवलंय. हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. चिपळुणात मात्र सुरक्षित जागा कुठली, यावरच वाद आहे. नकाशावर निळी पूररेषा आली, लाल आली; पंचवीस वर्षांत एकदा येणारं पाणी आणि शंभर वर्षांत एकदा येणारं पाणी. आपल्यातल्या किती जणांची घरं त्या रेषांच्या आत आहेत? आमच्या घरातली कांटची प्रतही त्याच पाण्यात गेली. (हशा)

तरी आम्ही मर्ढेकरांना सहज सोडून देणार नाही. आम्ही ती रेघ काढली, आणि भावनेच्या भरात दाट काढली. मित्र म्हणाला, "भिंत लांब आहे, रेघ जवळ आलीय. सगळं चित्र तिथेच ओढलं जातंय." खरंच होतं. दुःख खरं असून रेघ खोटी पडली होती. ती नुसती वगळली असती तरी नदी खोटी पडली असती. दोन्ही म्हणणी आम्हांला एकाच वेळी मान्य आहेत आणि ती कशी जुळवायची याचं सूत्र आमच्या जुन्या टिपणांत नाही. मित्रानं सांगितल्याप्रमाणे ओल्या ब्रशनं रंग उचलला, रेघ फिकी केली, आणि चित्र जरा श्वास घेऊ लागलं.

तेवढ्यात जाळं घेऊन चाललेले एक गृहस्थ मागे येऊन थांबले. बराच वेळ पाहून म्हणाले, "मास्तर, रेघ खाली घेतलीत तुम्ही. पाणी त्याच्या वर होतं."

आम्ही ब्रश हात लांब करून धरला, एक डोळा मिटला आणि भिंतीवर माप घेतलं. बोटभर खाली होती.