लोणावळ्याची चिक्की : एका प्रचलित आख्यायिकेची कालपरीक्षा

मावळाविषयीं लिहितांना किल्ले, लेणीं व देशमुखांचीं वतनें यांकडे अभ्यासकांचें लक्ष प्रथम जातें. परंतु ज्या जिन्नसामुळें लोणावळ्याचें नांव घरोघर पोंचलें, त्या चिक्कीच्या पूर्ववृत्ताची छाननीही अवश्य आहे. तत्संबंधीं एकच हकीकत वारंवार छापली जाते. बोरघाटांत आगगाडीचा रस्ता होत असतां लोणावळ्याच्या अग्रवाल घराण्यानें मजुरांस गूळ व शेंगदाण्यांची गुडदाणी विकण्यास आरंभ केला. पुढें तीच चिक्की म्हणून व मगनलाल या नांवानें प्रसिद्धीस आली, अशी ती हकीकत होय. धंद्याच्या आरंभाचें साल म्हणून १८८८ सांगण्यांत येतें.

या कथनांतील दोन विधानें परस्परांशीं जुळत नाहींत. घाटाचें काम १८५६ च्या जानेवारींत सुरू झालें. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा रस्ता १८५८ सालीं खुला झाला. १८६१ च्या आरंभीं घाटांत सुमारें ४२,००० माणसें राबत होतीं, आणि १८६३ च्या एप्रिलांत घाटाचें उद्घाटन झालें. म्हणजे रस्त्याचें काम संपणें व १८८८ हें साल यांमध्यें पंचवीस वर्षांचें अंतर पडतें. साल खरें मानावें तर घाट खोदणारे मजूर गिऱ्हाईक ठरत नाहींत. मजूर खरे मानावे तर साल पुढें ओढलें गेलें असें म्हणावें लागतें.

या विसंगतीचा उलगडा आमच्या मतें असा. १८८५ सालीं छापलेल्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत लोणावळ्याच्या रेल्वे इंजिन-कारखान्याचा उल्लेख आहे. घाट झाल्यावरही तेथें कामगारांची कायम वस्ती होती. कथेंतील ‘रेल्वेचे मजूर’ ते हेच असावे, व पुढील पिढ्यांनीं त्यांस अधिक प्रसिद्ध अशा घाटकामाशीं जोडलें असावें. हें अनुमान आहे, निर्णय नव्हे. परंतु यांत साल व मजूर दोन्हीं टिकतात.

दुसरा मुद्दा जमिनीचा. मावळ हा भाताचा मुलूख. ऊंस व भुईमूग हीं त्याचीं मुख्य पिकें नव्हत. भुईमूग तर मूळचा दक्षिण अमेरिकेंतील. रत्नागिरीकडे आंब्याचा रस डबाबंद करणारे कारखाने फळाच्या सान्निध्यांत उभे राहिले; लोणावळ्याचा धंदा वाटसरूच्या सान्निध्यांत उभा राहिला. कर्जतेस गाडीच्या मागें जोडलेलें इंजिन घाट चढून आल्यावर लोणावळ्यास सुटतें, त्यामुळें गाडीस तेथें थांबावें लागतें. चिक्कीची कीर्ति या थांब्यानें वाढविली असें मानणें सयुक्तिक होय.

तिसरा मुद्दा टिकाऊपणाचा. डब्यांतील पदार्थ उष्णता देऊन व हवा कोंडून टिकवितात. ही रीत फ्रान्सांत निकोला आपेर यानें १८१० सालीं प्रसिद्ध केली. चिक्की टिकते ती पाक आटवून पाण्याचा अंश घालविल्यामुळें. मात्र लोणावळ्यास वर्षास दीडशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आणि दमट हवेंत चिक्की चिकट होते. म्हणून वेष्टन हें केवळ शोभेचें नसून धंद्याचें अंग आहे. आणि वेष्टनावर छापलेला मजकूर हा इतिहासाचा पुरावा आहे.

हा पुरावा मात्र पदार्थ खाऊन झाला कीं केरांत जातो. ताम्रपटावरील एका अक्षरासाठीं आपण वाद घालतों. दुकानाच्या जुन्या खतावणीस किंवा कागदी वेष्टनास तशी किंमत देत नाहीं. लोणावळ्याची नगरपालिका १८७७ सालची आहे. तिच्या दप्तरांतील जकातीचे कागद, पार्सलांच्या पावत्या, जाहिराती, जुने पत्र्याचे डबे, यांपैकीं १८८८ पूर्वींचा एक तुकडाही मिळाला, तरी वरील अनुमान सिद्ध होईल किंवा फेटाळलें जाईल. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते तारखेनिशीं प्रसिद्ध करावे. तोंवर घाटमजुरांची कथा आख्यायिका म्हणूनच उद्धृत व्हावी.